नळी तिरकी करून पाहताना

तिबिलिसीत पहाटे नदीवर धुकं आहे
आणि माझ्या काचपट्टीवर शाक्रोच्या टाचेतला पू.
आधी जांभळा रंग, मग आयोडीन,
मग मद्यार्काची घसरती धार. खरी कसोटी इथेच.
ज्याची भिंत जाड, तो जांभळा धरून राहतो.
पातळ भिंतीवाला सगळं सांडून बसतो
आणि मागाहून गुलाबी होतो, पकडला गेल्यासारखा.

हे जांभळेच राहिले.
भिंगाखाली घड.
द्राक्षांचे घड!
अलाझानीच्या खोऱ्यात साठ वर्षं वेली छाटणाऱ्या माणसाच्या
जखमेत दुसरं काय पिकणार?
हसू नये, पण हसले.

यांना डोळे नाहीत, शेपूट नाही, पोटही नाही.
केंद्रक नाही. इतक्या एकखणी घराला
माजघर कुठून असणार?
वारशाचा दोरा, दोन्ही टोकं जोडून गोल केलेला,
तसाच पडलाय आत, गुंतवळासारखा.
जगायचं म्हणजे शोषायचं, फुगायचं,
मधोमध भिंत घालायची आणि वेगळं व्हायचं.
ना लग्न, ना बारसं.
अर्ध्या तासात एकाचे दोन.
संध्याकाळी एक पेरला तर पहाटे दीड कोटी.
त्यांतली आई कोणती, विचारू नका.
आई उरत नाही,
मेलेलीही नसते.

सशाच्या रक्तद्रवात त्यांचा एक थेंब,
चार तास उबेत.
मग नळी तिरकी करून पाहायची.
वाहत नाही.
लागलंय.

अगदी अशीच माझी आई दारेजान
शालीत गुंडाळलेलं मडकं तिरकं करते,
श्वास रोखून, जसं आत कुणी निजलंय.
"लागलं गं," म्हणते, "चमचा घालू नकोस एवढ्यात."
कालच्या मात्सोनीतलं चमचाभर आजच्या दुधात,
परवाचं कालच्यात,
तिच्या आजीचं तिच्या आईत.
या घराण्याचं नाव तिला ठाऊक नाही.
दूध मात्र कधी चुकवलं नाही.

शाक्रोच्या टाचेत तेच घट्ट होणं
पडद्यासारखं वापरलंय त्यांनी.
पलीकडे रक्तातले पहारेकरी हुंगत फिरतात,
अलीकडे हाड कुरतडलं जातंय.

बशीत सहा औषधांच्या सहा टिकल्या ठेवल्या होत्या.
जिथे औषध चालतं तिथे टिकलीभोवती मोकळं अंगण उरतं.
पाच टिकल्यांना यांनी कडेपर्यंत येऊन दार लावलंय.
सहावीभोवती नखाएवढी चंद्रकोर.
ही युक्ती जन्मजात नव्हे,
कधीतरी कुणा परक्याकडून उसनी घेतलेली,
उसनं परत करायची रीत त्यांच्यात नाही.

मग रिकाम्या वेळात, का कोण जाणे,
मी काडी स्वतःच्याच नाकात फिरवली.
दुसऱ्या दिवशी बशीत सोनेरी ठिपके, टपोरे,
तोच रंग, तेच घड, नळीत तेच दही.
तीन माणसांतल्या एकाच्या नाकात हे राहतात,
विद्यार्थ्यांना मीच सांगते दरवर्षी.
ती एक मी आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.
माझे साधे निघाले. सहाही टिकल्यांपुढे मागे सरले.
इतकी वर्षं शिंकले, रडले,
भाचीच्या डोक्याचा वास घेतला,
कुणी एक शब्द बोललं नाही.
त्यांना फक्त एक भेग हवी असते,
छाटणीच्या कात्रीची, कातडी बुटाची,
साखरेनं बधिर झालेल्या टाचेची.

तळमजल्यावरून कुपी आली आहे.
नदीच्या पाण्यातून वेचलेले विषाणू,
माणसाला न शिवणारे, फक्त यांचेच काळ.
शाक्रोच्या पिकावर एक थेंब सोडलाय.
उद्या तिथे भोक पडलं असेल,
किंवा नसेल.

वॉर्डात गेले तर म्हातारा जागाच.
"काय पिकलं, लामझिरा?"
"जांभळी द्राक्षं."
"सपेरावी," तो म्हणाला, समाधानानं. "उशिरा तोडा ती."

कोपरापर्यंत हात धुऊन घरी आले.
मडकं तिरकं होतं, आई श्वास रोखून.
माझं नाक खाजत होतं.
दाराशीच उभी राहिले जरा वेळ.